गोठ्यात कुठं उभं राहायचं?

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या किंवा वरखेडीच्या गुरांच्या बाजारात गाय बघायला आलेला माणूस आधी दात बघतो, मग कासेवरून हात फिरवतो आणि शेवटी अहिराणीत विचारतो, “मारस का हाई?” म्हणजे, मारते का ही? विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं, “नही भो, गरीब शे.” बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. पण गोठ्यात माणसं कशी जायबंदी होतात हे बघायला लागलं की हा प्रश्न अपुरा वाटतो. मारक्या बैलाजवळ कुणी बेसावध जात नाही. त्याला वेगळं बांधतात, पोरांना तिकडे फिरकू देत नाहीत, सालदार, म्हणजे सालावर ठेवलेला गडी, तोही त्याला लांबूनच वैरण टाकतो. हाडं मोडतात ती गरीब गायीशेजारी, पहाटेच्या धारेला, रोजच्या जागी, रोजच्याच माणसाची. चार-पाच क्विंटलच्या जनावराला माणूस मोडायला राग यावा लागत नाही. दचकणं पुरतं.

आणि ते कशानं दचकतं हे कळायला, त्याला जग कसं दिसतं ते आधी माहीत हवं.

गायी-म्हशींचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्यांना जवळजवळ चहूकडचं दिसतं, तीनशे अंशांहून जास्त. दिसत नाही ते बरोबर शेपटीमागचं. म्हणजे आपण ज्या बाजूनं शेण ओढायला जातो, नेमकी तीच जागा तिच्यासाठी आंधळी. मागून आलेला माणूस तिला दिसत नाही, नुसता पायरव ऐकू येतो किंवा एकदम अंगाला हात लागतो. रानात मागून अंगावर येणारं काय असतं हे तिच्या रक्तात भिनलेलं आहे. त्यामुळे पाय आधी उडतो, आणि हा तर आपलाच माणूस, हे तिला नंतर कळतं.

दुसरी गोष्ट खोलीची. दोन्ही डोळ्यांनी एकत्र दिसतो तो समोरचा चिंचोळा पट्टा, आणि अंतराचा, खोलीचा नीट अंदाज तेवढ्याच भागात येतो. म्हणून जमिनीवर पडलेली खांबाची सावली, पाण्याचा पाइप, मोरीची फट, ओल्या फरशीवरची चकाकी हे सगळं तिला खड्ड्यासारखं वाटू शकतं. ती थांबते, मान खाली घालून हुंगते. यात अडेलपणा काही नसतो, ती तपासून घेत असते. आपल्याकडे वैशाखात बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत पत्र्याच्या गोठ्यात अंधार असतो. जनावर दारात अडतं ते बहुतेक यामुळेच. मग एक जण पुढून कासरा ओढतो, दुसरा मागून शेपूट पिरगळतो, तिसरा ओरडतो. शेवटी जनावर उसळी मारून आत घुसतं आणि पुढून ओढणारा दाराच्या चौकटीत सापडतो. मिनिटभर थांबू दिलं असतं, तर ते आपल्या पायांनी आत आलं असतं.

कानाचंही तसंच. माणसाला ऐकूच न येणारे काही तीक्ष्ण आवाज गुरांना ऐकू येतात. पत्र्याचा खडखडाट, लोखंडी फाटक आपटणं, शिट्ट्या, आरडाओरडा यांनी ती जास्त बिथरतात. हळू आवाजात बोलत गोठ्यात शिरणारी म्हातारी माणसं काही येड्यासारखी गुरांशी बोलत नसतात. मी कुठं आहे, याची ती गायीला सतत खबर देत असतात.

टेंपल ग्रँडिन या अमेरिकी पशुशास्त्रज्ञ बाईंनी गुरांच्या हालचालींवर आयुष्यभर काम केलं. त्या दोन गोष्टींवर फार भर देतात. एक, प्रत्येक जनावराभोवती एक न दिसणारं वर्तुळ असतं. त्यात माणूस शिरला की ते दूर सरकतं. दावणीला वाढलेल्या घरच्या गायीचं हे वर्तुळ जवळजवळ नसतंच, तिच्या गळ्यात हात घातला तरी ती रवंथ करत राहते. चाऱ्याच्या शोधात खान्देशात उतरणाऱ्या काठेवाड्यांच्या गीर गायींचं वर्तुळ त्यांच्या गोपाळासाठी लहान असतं, पण तुमच्या-आमच्यासाठी मोठं. सातपुड्याच्या पायथ्याला दिवसभर मोकळी चरणारी गुरं तर परक्या माणसाला बऱ्याच लांबून बघूनच वाट बदलतात. दुसरी गोष्ट खांद्याची. खांद्याच्या मागच्या बाजूला उभं राहून आपण एक पाऊल जवळ गेलो, तर जनावर पुढं चालायला लागतं. खांद्याच्या पुढं आलो, तर ते थांबतं किंवा मागं सरतं. काठी, शिवी, शेपूट या कशाचीही गरज न लागता गुरं फिरवता येतात ती याच हिशेबावर.

अपघात होतो तो वर्तुळात शिरल्यावर जनावराला जायला वाट नसली की. कोपऱ्यात अडलेली कालवड, बोळात घातलेला गोऱ्हा, पिकअपमध्ये चढवलेली म्हैस. मागं भिंत, बाजूला भिंत आणि पुढं हात पसरून उभे असलेले आपण. मग ते आपल्यावरूनच जातं. म्हणून जनावर अडवायला जाताना त्याला वाट कुठून आहे हे आधी बघावं, आणि त्याच वेळी आपल्याला कुठून आहे हेही. गाडीत गुरं चढवताना माणसानं आत, जनावरांच्या मध्ये थांबूच नये. दोरी बाहेरून गजांमधून घ्यावी. बाजारच्या दिवशी घाई असते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो, आणि नेमकी तेव्हाच बोटं सापडतात.

लाथ

घोडा लाथ झाडतो ती सरळ मागं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघून आलेल्याला वाटतं, मागं न जाता बाजूनं गेलं की झालं. गाय तशी नाही. तिचा पाय आधी पुढं येतो, मग बाहेरच्या बाजूला गोल फिरून मागं जातो. म्हणजे मांडीच्या बाजूला, हातभर अंतरावर उभा असलेला माणूस बरोबर त्या फेऱ्यात सापडतो. दोनच जागा त्यातल्या त्यात बऱ्या. एक तर खांद्यापाशी, अंगाला अगदी चिकटून. तिथं पाय पोचत नाही. नाहीतर लाथेच्या टप्प्याच्या पार बाहेर. मधलं अर्धवट अंतर सगळ्यात वाईट, कारण तिथं पाय पूर्ण वेगात येऊन लागतो.

धार काढणाऱ्याला तर टप्प्यातच बसावं लागतं. जुनी माणसं गायीच्या कुशीला डोकं टेकवून बसतात ते आरामासाठी नसतं. पाय उचलायच्या आधी मांडीचा स्नायू ताठतो, आणि तो ताण कपाळाला आधी कळतो. बादली सोडून मागं सरायला तेवढा क्षण पुरतो. खाली पाट किंवा मांडी घालून बसण्याऐवजी चवड्यांवर बसणंही त्याचसाठी बरं. मोबाइल कानाला लावून धार काढणारी नवी पिढी हा क्षण हमखास हुकवते.

वर्षभर न हललेली गाय अचानक लाथ मारायला लागली तर काठी घेऊ नका, कास बघा. सड चिरला असेल, वासराचा दात लागला असेल, गोचीड असेल, आपलं नख असेल. सगळ्यात जास्त वेळा काससुजी असते. एक सड गरम, कडक लागतो, दुधात गाठी येतात. दुखऱ्या जागी रोज दोनदा पिळलं जात असेल तर गरिबातली गरीब गायही पाय उचलणारच. तिला मारून धार काढली तर ती दूध चोरते, म्हणजे कासेतच रोखून धरते, काससुजी वाढते आणि पुढच्या धारेला दोघंही आधीच घाबरलेले असतात.

दावं, दावण आणि भिंत

लाथेपेक्षा कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे चेपलं जाणं. दावणीला दोन जनावरं शेजारी बांधलेली, मधून आपण गव्हाणीकडे निघालो, तेवढ्यात माशी बसली म्हणून एक जनावर बाजूला सरकलं. त्याच्या मनात काही नसतं, पण आपल्या फासळ्या त्या दोन पोटांमध्ये किंवा पोट आणि भिंत यांच्यामध्ये असतात. अशा वेळी हातांनी ढकलून काही होत नाही. नाव घेऊन, पाठीवर हात ठेवून तिला आधी सरकवावं आणि मगच मध्ये शिरावं. गोठा बांधतानाच भिंतीत माणूस आडवा निघून जाईल एवढी फट ठेवली तर फारच चांगलं. ती ठेवायला पैसे लागत नाहीत, फक्त गवंड्याला सांगावं लागतं.

गव्हाणीत वाकून सरकी ढेप टाकताना डोकं शिंगांच्या उंचीवर येतं. गाय ढेपेसाठी किंवा माशी हाकलायला मान झटकते आणि शिंग डोळ्याला, गालाला लागतं. ढेप बाहेरूनच, उभं राहून टाकावी.

कासरा हाताला गुंडाळू नये, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच गुंडाळतात. ओला कासरा निसटतो म्हणून एक वेढा, मग दुसरा. बैल बुजला की तो वेढा आवळतो आणि बोटं जातात, किंवा माणूस फरफटत जातो. कमरेला दोर बांधून गुरं चारणाऱ्या पोरांना तर हे पटवून सांगूनही उपयोग नाही, दोर काढूनच घ्यावा. खुंट्याला बांधताना एक टोक ओढलं की सुटेल अशी गाठ मारावी. जनावर दाव्यात पाय अडकून पडलं तर आवळलेली गाठ सोडायला त्याच्या पायांत शिरावं लागतं. गोठ्यात हाताशी एक विळा टांगलेला असावा, तो याचसाठी.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. म्हशीच्या कातड्यात घामाच्या ग्रंथी कमी आणि रंग काळा, त्यामुळे तापलेली म्हैस पाणी दिसलं की कुणाचं ऐकत नाही. तापीत, गिरणेच्या पाटात किंवा गावतळ्यात म्हशी धुवायला पोरं जातात, पाठीवर बसून आत जातात, आणि म्हैस पाण्यात एकदम बसते किंवा कुशीवर कलंडते. पोहता न येणाऱ्या पोराला म्हशीबरोबर पाण्यात पाठवू नये, मग ती म्हैस घरात जन्मलेली का असेना.

पोळ्याबद्दल एक सांगायचं आहे, लोकांना आवडणार नाही. श्रावणी अमावास्येला बैलाची शिंगं साळतात, टोकं काढतात, रंगवतात, फुगे बांधतात. अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा, दोन्ही बाजूंना गर्दी, पायांत लहान पोरं. वर्षभर शेतात शांतपणे जू ओढलेल्या बैलाला हे सगळं नवं असतं. एवढं तो सहन करतो, वर्षानुवर्षं करत आला आहे. पण आता वेशीपाशी डीजे आणि फटाके आले आहेत. तोरणाखाली दाटीनं उभ्या असलेल्या जोड्यांत एक बैल उधळला, की बाकीच्यांना वाट कुठं असते? ज्याचा सण आहे त्याच्यासाठी तरी आवाज बंद ठेवावा.

खरोखर अंगावर येणारं जनावर

आतापर्यंतचं सगळं दचकण्याचं. मुद्दाम अंगावर येणारी जनावरं दोनच प्रकारची जास्त. एक, नुकतीच व्यालेली गाय किंवा म्हैस. पहिले काही दिवस ती वासराच्या आणि तिच्यामध्ये कुणालाही सहन करत नाही, रोज धार काढणाऱ्यालाही नाही. वासराला हात लावायचा तर आधी तिला बांधावं. आणि बरोबर कुत्रा नेऊ नये. ती कुत्र्यावर धावते आणि कुत्रा पळून मालकाच्याच पायांत येतो.

दुसरा वळू. लहानपणी बाटलीनं दूध पाजून, कपाळाला कपाळ लावून खेळवलेला गोऱ्हा मोठेपणी सगळ्यात धोकादायक ठरू शकतो. माणसाची त्याला भीती उरलेली नसते आणि माणूस त्याला आपल्यातलाच एक वाटतो. दोन-अडीच वर्षांनी तो ताकद अजमावायला लागतो, तेव्हा तोच खेळ पाच क्विंटलचा झालेला असतो. होल्स्टीन आणि जर्सी जातीचे वळू याबाबतीत विशेष कुप्रसिद्ध आहेत. हल्ल्याआधी वळू इशारा देतो. तो आडवा उभा राहून अख्खं अंग दाखवतो, मानेची कमान करतो, डोकं खाली, डोळे बाहेर, पायानं माती उकरतो. अशा वेळी पाठ फिरवून पळू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागं, झाड-भिंत-गाडी जे जवळ असेल त्याच्या आड जावं. कृत्रिम रेतनामुळे घरोघरी वळू ठेवायची गरज उरलेली नाही, हा त्या सोयीचा फारसा न सांगितला जाणारा फायदा.

न दिसणारं

शिंग आणि खूर दिसतात. जंतू दिसत नाहीत, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

गाय चारा टाकते, लाळ गाळते, घसा बसल्यासारखी हंबरते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं, घशात काही अडकलं. कुणीतरी बाही वर करून तिच्या तोंडात हात घालतो. ही लक्षणं रेबीजचीही असू शकतात. गावातलं पिसाळलेलं कुत्रं रात्री गोठ्यात येऊन चावून गेलेलं असतं, आणि लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. लाळेतून विषाणू हातावरच्या खरचटलेल्या जागेतून शिरतो. माणसात एकदा लक्षणं दिसली की उपाय जवळजवळ नाहीच, पण त्याआधी लस घेतली तर माणूस वाचतो. अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका. घातलाच असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. सगळे डोस पूर्ण करा.

गाभण गाय शेवटच्या महिन्यांत गाभडली, तर डोक्यात ब्रुसेलोसिस हा रोग आलाच पाहिजे. पडलेला गर्भ, जार म्हणजे वार, आणि स्राव यांत त्याचे जंतू खच्चून भरलेले असतात. आपल्याकडे जार अडकली की उघड्या हातानं ओढायची सवय आहे. ती गायीसाठीही वाईट आणि माणसासाठीही. माणसाला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. रात्री घाम, कंबर आणि सांधे दुखणं, पुरुषांत अंडकोश सुजणं. असे महिने जातात आणि टायफॉइड म्हणून औषधं चालू राहतात. डॉक्टरांना आपण होऊन सांगावं, “घरी गुरं आहेत, गाय गाभडली होती.” एवढ्या एका वाक्यानं तपासणीची दिशा बदलते. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच याची लस देतात. केंद्राच्या 2019 साली सुरू झालेल्या कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर हीही लस आहे. ती जिवंत जंतूंची लस असते, सुई माणसाला टोचली तर तो आजारी पडू शकतो. म्हणून लसवाल्या डॉक्टरांना वासरू घट्ट धरून द्यावं.

धारोष्ण दुधाचं कौतुक मी करणार नाही. ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू दुधातून येतात आणि उकळल्यावर मरतात. विषय संपला.

जनावर धडधाकट असताना एकाएकी मेलं, नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त आलं, तर ती फाशी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. ते फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही. जंतूंना हवा लागली की ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. डॉक्टर येईपर्यंत कुत्री दूर ठेवावीत.

उलट, नको त्याची भीतीही काढून टाकावी. 2022 सालच्या साथीत महाराष्ट्रातली लम्पीची पहिली नोंद आपल्याच रावेर तालुक्यात झाली, तेव्हा लोकांनी दूध ओतून दिलं. लम्पी माणसाला होत नाही.

गोठ्याच्या आसपासचं थोडक्यात. कडब्याच्या गंजीत हात घालण्याआधी काठीनं हलवावं, उंदरांमागं नाग-घोणस येतात. कुट्टी यंत्रात शेवटची मूठ हातानं ढकलू नये आणि पट्ट्यावर झाकण असल्याशिवाय साडीचा पदर, गमछा जवळ नेऊ नये. गाय हौदाला तोंड लावताच मागं सरत असेल तर आधी वायरमनला बोलवा. आपल्याला न जाणवणारा करंट तिला जाणवतो. गोबरगॅसच्या टाकीत कुणी कोसळला तर त्याच्यामागं उतरू नये, तिथला वायू दुसऱ्यालाही तसाच पाडतो.

लागल्यावर

पोटात लाथ बसली, वर नुसता ओरखडा आहे, माणूस उठून बसला, पाणी प्यायला. इथंच फसगत होते. प्लीहा किंवा यकृत फाटलं तर रक्त आतच साचतं. तासाभरानं तो पांढरा पडतो, घाम फुटतो, उलटी होते, खांदा दुखायला लागतो. छातीला-पोटाला मार बसला की बरं वाटत असलं तरी दवाखाना. शिंगाची जखम बाहेरून लहान आणि आत खोल असते. त्यात हळद, चुना, शेणाची राख काही भरू नये. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नये, स्वच्छ ओल्या कपड्यानं झाकून 108 ला फोन करावा. शेणाच्या जागेतली प्रत्येक जखम म्हणजे धनुर्वाताची सुई. आजारी जनावरासाठी 1962 हा वेगळा नंबर आहे, फिरता दवाखाना येतो.

पैशांचंही बोलू. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत जनावराच्या हल्ल्यातला, सर्पदंशातला, विजेच्या धक्क्यातला मृत्यू बसतो. वारसाला 2 लाख रुपये मिळतात आणि एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास 1 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत करायचा असतो. पण ही योजना सातबाऱ्यावरच्या खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एकासाठी. गोठ्यात सगळ्यात जास्त वेळ असतो तो सालदार, आणि त्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं.

त्याच्यासाठी बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वय 18 ते 70, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालाची बोलणी होतात तेव्हा रोख किती, ज्वारी किती, कपडे किती हे ठरतं. त्याच बैठकीत हे वीस रुपये मालकानं आपल्याकडून भरायचे ठरवावेत, आणि गमबुटांचा एक जोडही.